टाऊन हॉल ते भवानी मंडप: कोल्हापुरात संग्रहालय परिसर घडू शकतो का?

प्रश्न: मंगळवार पेठकर

गेल्या महिन्यात कामानिमित्त मुंबईला गेलो होतो आणि दुपार मोकळी मिळाली म्हणून काळाघोडा परिसरात उतरलो. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय पाहून बाहेर पडलो, लगेच जहांगीर कलादालनात शिरलो, तेथून रस्ता ओलांडून राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात गेलो आणि परतताना डेव्हिड ससून ग्रंथालयाच्या कमानीखाली बराच वेळ उभा राहिलो. या भागाला ज्याच्यामुळे नाव पडले तो सातव्या एडवर्डचा अश्वारूढ पुतळा १९६५ मध्येच तेथून हलवला गेला. स्वार नसलेला नवा काळा घोडा २०१७ मध्ये बसेपर्यंत पन्नासहून अधिक वर्षे तेथे घोडाच नव्हता, तरीही लोकांनी नाव सोडले नाही आणि १९९९ पासून भरणाऱ्या कलामहोत्सवाने ते देशभर पोहोचवले.

परतल्यावर टाऊन हॉलच्या आवारात उभे राहून आपल्या गावाचा विचार केला. आपल्याकडे टाऊन हॉलचे वस्तुसंग्रहालय आहे, नवीन राजवाड्यात शहाजी छत्रपती संग्रहालय आहे, राजारामपुरीत चंद्रकांत मांडरे कलादालन आहे, विद्यापीठात वि. स. खांडेकर स्मृती संग्रहालय आहे आणि शहराबाहेर कणेरी मठावर सिद्धगिरीचे ग्रामजीवन संग्रहालय आहे. प्रत्येक ठिकाणी स्वतंत्र गाडी करून जावे लागते आणि एक पाहून झाले की माणूस थेट घरी किंवा अंबाबाईच्या दर्शनाला जातो. माझा प्रश्न असा की, संग्रहालये एकमेकांजवळ आल्याने शहराची ओळख घडते, की शहराची ओळख आधीच ठळक असेल तरच असा परिसर उभा राहतो? आणि कोल्हापुरात तो कोठे उभा राहू शकेल?

प्रतिसाद १: नकाशे आणि रस्ते

मी नगररचनेच्या क्षेत्रात काम करतो. आज आपण ज्यांना एकसंध संग्रहालय परिसर म्हणून ओळखतो, ते फार वेगवेगळ्या वाटांनी घडले आहेत. लंडनमध्ये १८५१ च्या महाप्रदर्शनातून सुमारे १,८६,००० पौंड शिल्लक राहिले आणि त्या पैशातून साउथ केन्सिंग्टन भागात ८७ एकर जमीन घेण्यात आली. तेथे आधी जमीन आली आणि संस्था नंतर, एकेक करून, अनेक दशकांत उभ्या राहिल्या. बर्लिनच्या संग्रहालय बेटावर पहिली इमारत १८३० मध्ये आणि पाचवी १९३० मध्ये खुली झाली, म्हणजे ते घडायला शंभर वर्षे लागली. फ्रँकफुर्टने मात्र १९८० च्या दशकात वेगळा मार्ग धरला. माइन नदीच्या काठावर जुने बंगले होते. त्यांतील काही तसेच राखून, काहींना नवी जोड देऊन तेथे एकामागून एक संग्रहालये वसवली गेली, आणि बँकांचे शहर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या गावाला नदीकाठाची एक दुसरी ओळख मिळाली.

माझ्या मते कोल्हापूरला यांपैकी फ्रँकफुर्टच जवळचे आहे, कारण आपल्याकडे रिकामी ८७ एकर जमीन नाही, पण जुन्या, भक्कम आणि देखण्या इमारती आहेत. टाऊन हॉल १८७२ ते १८७६ या काळात बांधला गेला. त्याचे वास्तुकार मेजर चार्ल्स मँट. समोरच्या सीपीआर (छत्रपती प्रमिलाराजे) रुग्णालयाची जुनी इमारत त्यांचीच आणि १८८४ मध्ये पूर्ण झालेला नवीन राजवाडाही त्यांचाच. एकाच माणसाच्या हातच्या तीन इमारती एका शहरात आहेत, पण त्या रस्त्यावरून रोज जाणाऱ्याला हे नाते जाणवावे असे मध्ये काहीही नाही. दोन इमारतींच्या मध्ये कुंपण आहे, रिक्षांची रांग आहे, फलकांची गर्दी आहे आणि मध्येच तुटणारा फूटपाथ आहे.

परिसर घडतो किंवा बिघडतो तो या मधल्या जागेत. व्हिएन्नाचे संग्रहालय संकुल २००१ मध्ये जुन्या शाही तबेल्यांत उभे राहिले. तेथील आतल्या चौकात तिकीट न काढता कोणीही येऊन बसते, पुस्तक वाचते, डबा खाते, आणि संध्याकाळी संग्रहालये बंद झाल्यावरही तो चौक भरलेला असतो. ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियमचे उदाहरण मला त्याहून अधिक बोलके वाटते. त्या इमारतीच्या पोटातून सायकलींचा एक मार्ग जातो. २००३ ते २०१३ या काळात नूतनीकरण चालू असताना तो मार्ग अरुंद करण्याचा विचार पुढे आला, तेव्हा सायकलस्वारांच्या संघटनेने तो नेटाने रोखला. देशातील सर्वांत मोठे संग्रहालय असले तरी शहराची रोजची वाट त्याच्यासाठी अडवायची नाही, असा तो आग्रह होता.

स्पेनमधील बिल्बाओ शहराचे नावही अशा चर्चेत नेहमी निघते, म्हणून थोडेसे. १९९७ च्या गुगेनहाइम संग्रहालयाने शहर बदलले असे सांगितले जाते, परंतु त्याच काळात तेथे मेट्रो सुरू झाली होती, नदी स्वच्छ होत होती आणि काठावरचा बंद पडलेला औद्योगिक पट्टा मोकळा होत होता. एकट्या इमारतीला एवढे श्रेय देणे योग्य नाही.

प्रतिसाद २: शिवाजी पेठेतील शिक्षिका

मी शाळेत इतिहास शिकवते. वरील प्रतिसाद मला पटला, पण त्यात एक प्रश्न राहून गेला आहे, तो म्हणजे परिसर कोणाची ओळख सांगणार.

दरवर्षी मी मुलांना टाऊन हॉलला घेऊन जाते. तेथे काचेच्या पेटीत पोसायडन या ग्रीक समुद्रदेवतेची वीतभर उंचीची काशाची मूर्ती आहे. एक हात वर उचललेला, शरीराचा तोल एका पायावर, आणि पाठीचे स्नायू इतके नेमके की तालमीतल्या पोराला ते पाहताच ओळखीचे वाटतात. मागच्या वर्षी एका मुलीने विचारले, "बाई, ही मूर्ती कुठल्या देशातून आणली?" मी तिला सांगितले की ती ब्रह्मपुरीच्या टेकडीत सापडली. ती मुलगी त्याच भागात राहते. ज्या टेकडीवरून ती रोज शाळेला येते, त्याच टेकडीच्या पोटात सातवाहनकाळातील एक श्रीमंत वस्ती होती आणि तिचा रोमन जगाशी व्यापार चालत होता, हे तिला कोणीच सांगितले नव्हते. १९४५-४६ मध्ये डॉ. ह. धी. सांकलिया आणि मो. गं. दीक्षित यांनी तेथे शास्त्रीय उत्खनन केले, आणि या संग्रहालयाचा पायाच मुळी ब्रह्मपुरीत सापडलेल्या वस्तूंनी घातला गेला. टाऊन हॉलपासून ब्रह्मपुरी पायी जाण्याच्या अंतरावर आहे. वस्तू येथे आणि तिची माती तेथे, अशी स्थिती असताना त्या दोहोंना जोडणारी वाट आपण आखू शकत नसू, तर नव्या संग्रहालयाची मागणी करण्यात फारसा अर्थ नाही असे मला वाटते.

दुसरी गोष्ट मी अधिक आग्रहाने मांडते. कोल्हापूरचा वारसा म्हटला की आपण राजवाडे, तलवारी आणि शिकारीचे पेंढा भरलेले प्राणी यांच्यापाशीच थांबतो. टाऊन हॉलकडून दसरा चौकात यावे, तर त्या चौकाभोवती राजर्षी शाहू महाराजांच्या प्रेरणेने निघालेली वेगवेगळ्या समाजांची विद्यार्थी वसतिगृहे आहेत. पहिले व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग १९०१ चे. त्यानंतरच्या वर्षी, २६ जुलै १९०२ रोजी, मागासवर्गीयांसाठी संस्थानच्या नोकऱ्यांत ५० टक्के जागा राखून ठेवणारा जाहीरनामा निघाला. तेथून बिंदू चौकात जावे, तर ९ डिसेंबर १९५० रोजी, म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकर हयात असताना, उभारला गेलेला त्यांचा पुतळा आहे आणि शेजारी महात्मा फुले आहेत. भाई माधवराव बागल यांच्या पुढाकाराने ते काम झाले. जगातील कोणत्याही संग्रहालय परिसराला हेवा वाटावा असा हा पट्टा आहे आणि त्यातील बहुतेक गोष्टींवर छप्पर नाही, तिकीट नाही.

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह जळाले, तेव्हा ज्यांनी आयुष्यात एकही नाटक पाहिले नसेल अशी माणसेही खासबागेच्या बाजूला डोळे पुसत उभी होती. १९१५ पासूनची ती वास्तू कोणी संग्रहालय म्हणून जपली नव्हती, ती वापरात होती. शहराची ओळख कशात साठलेली असते ते मला त्या रात्री उमगले.

प्रतिसाद ३: भाऊसिंगजी रोडवरून

माझे दुकान याच रस्त्यावर आहे, त्यामुळे जे रोज दिसते ते सांगतो. १८ ऑगस्ट २०२५ पासून सीपीआरसमोरच्या जुन्या न्यायालयाच्या इमारतीत उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच सुरू झाले. पन्नास वर्षांची मागणी पूर्ण झाली याचा मलाही अभिमान आहे. पण आता सकाळी दहानंतर या भागात दुचाकी लावायलाही जागा मिळत नाही. रुग्णालय, न्यायालय आणि संग्रहालय यांची तोंडे एकमेकांसमोर आहेत आणि तिघांकडे येणाऱ्या माणसांची घाई वेगवेगळी आहे. परिसराचा विचार करताना आधी या गर्दीचा विचार करावा लागेल.

शिक्षिकाबाईंनी विचारले की ओळख कोणाची. मला त्यात एक भर घालायची आहे. टाऊन हॉलच्या बागेत दुपारी जाऊन पाहा. राधानगरी, गगनबावडा, चंदगडकडून आलेले रुग्णांचे नातेवाईक झाडाखाली चटई टाकून बसलेले असतात. एखादी आजी स्टीलच्या डब्यातून भाकरी काढते, निम्मी आपण खाते आणि उरलेली फडक्यात बांधून वॉर्डातल्या माणसासाठी ठेवते. त्यांना आत काय आहे हे बहुधा ठाऊक नसते. सुशोभीकरण म्हटले की पहिल्यांदा अशा माणसांना उठवले जाते आणि त्यांच्या जागी कॅफे येतो. मुंबईत काळाघोडा भागात जुन्या इमारतींतून महागडी दुकाने आणि उपाहारगृहे कशी वाढली, ते आपण पाहिलेच असेल. ही आजी त्या बागेत बसलेली राहिली पाहिजे, एवढी माझी अट आहे.

प्रतिसाद ४: नकाशे आणि रस्ते

आपली अट योग्य आहे आणि ती आराखड्यात बसवणे अवघडही नाही. बागेला चारही बाजूंनी बसता येईल असा कट्टा द्यावा, पिण्याच्या पाण्याची आणि स्वच्छतागृहाची सोय करावी आणि तेथून संग्रहालयाच्या दारापर्यंत एकसलग फरसबंदी न्यावी. लंडनच्या एक्झिबिशन रोडवर २०११ मध्ये पूर्ण झालेल्या फेररचनेत फूटपाथ आणि रस्ता एकाच पातळीवर आणले गेले, जेणेकरून वाहनचालकाने आपोआप वेग कमी करावा. रुग्णवाहिकांच्या येण्याजाण्यामुळे आपल्याकडे तसेच्या तसे करता येणार नाही, परंतु टाऊन हॉलसमोरचा ओलांडण्याचा पट्टा उंच करून तेथे वाहनांना थांबायला लावणे सहज शक्य आहे. सीपीआरच्या दारापुढची वाट मात्र मोकळीच ठेवावी लागेल.

पार्किंगच्या बाबतीत माझे मत कदाचित आपल्याला पटणार नाही. या पट्ट्यात आणखी वाहनतळ बांधू नये. तो जितका जवळ, तितक्या गाड्या आत येतील. गाडी बाहेर ठेवून दसरा चौकातून पायी येणे सुखाचे वाटेल, इतकी ती वाट सावलीची आणि सलग असली पाहिजे.

प्रश्नकर्ता: मंगळवार पेठकर

सर्वांचे आभार. मी विचारताना मनात नवीन इमारतीची कल्पना घेऊन बसलो होतो, ती आता सोडून दिली आहे. नवीन राजवाडा आणि मांडरे कलादालन आपापल्या जागी राहू देत, तेथे जाणारे जातीलच. पहिली वाट ब्रह्मपुरीवरून निघून टाऊन हॉलला यावी, तेथून दसरा चौक, मग बिंदू चौक आणि शेवटी नगारखान्याच्या कमानीतून अंबाबाई मंदिराजवळच्या भवानी मंडपात पोहोचावी, असे मला वाटते. भवानी मंडपात भाविकांची गर्दी आधीच असते. त्यातील काहीजण उलट दिशेने चालत टाऊन हॉलपर्यंत आले तरी मोठी गोष्ट होईल.

काल संध्याकाळी ही वाट एकदा चालून पाहिली. रमतगमत, थांबत, एके ठिकाणी चहा घेत सव्वा तास लागला. ब्रह्मपुरीवर एका वयस्कर गृहस्थांना उत्खननाची जागा विचारली, तर त्यांनी आपल्या घरामागचा उतार दाखवला आणि लहानपणी पावसाळ्यानंतर तेथे मुलांना मणी सापडत, असे सांगितले. त्यांनी त्यातले दोन मणी आजही काड्यापेटीत जपून ठेवले आहेत. लालसर दगडाचे, आरपार भोक असलेले, ज्वारीच्या दाण्याहून थोडे मोठे. शिक्षिकाबाई, आपल्या वर्गातील मुलांना घेऊन एखाद्या रविवारी येणार असाल, तर ते गृहस्थ मुलांशी बोलायला तयार आहेत. मी त्यांना तसे विचारून ठेवले आहे.