दारू त्याची, मग समुपदेशन दोघांचं कशासाठी?

रेवती_कराड:
काल इथे एक लेख आला. 'बायकोने साथ दिली तरच नवऱ्याची दारू सुटते, म्हणून दोघांनी जोडीने समुपदेशनाला बसावं.' खाली सगळे वाहवा करतायत. माझ्या ताईने लग्न झाल्यापासून साथच दिली. पगाराच्या दिवशी कारखान्याच्या गेटवर उभी राहिली, बाटल्या मोरीत ओतल्या, 'त्यांना ताप आहे' म्हणून साहेबांना फोन केले. शेवटी एका केंद्रात दोघांना समोरासमोर बसवलं आणि तिथल्या बाईंनी पहिला प्रश्न तिलाच विचारला, 'तुम्ही घरात फार बोलता का त्यांना?' त्या रात्री त्याने हातात पट्टा घेऊन तोच प्रश्न विचारला. अल-अनॉनवाले, म्हणजे दारुड्यांच्या घरच्यांचा आधारगट, 1951 पासून घरच्यांना सांगतायत, हे व्यसन तुमच्यामुळे लागलं नाही आणि तुमच्याने सुटणारही नाही. व्यसन त्याचं, उपचार त्याच्यावर करा.

मनोज_नाशिक:
ताईंचं वाचून वाईट वाटलं. पण तिथे झालं ती कपल थेरपी नव्हे. घरात गंभीर मारहाण असेल तर जोडीने बसवायचंच नाही, हे आधी तपासायचं असतं. मी स्वतः यातून बाहेर पडलोय. आमचं रोजचं काम एवढंच होतं: सकाळी चहाच्या आधी मी म्हणायचं, 'आज पिणार नाही.' तिने म्हणायचं, 'बरं वाटलं.' मग तिच्यासमोर डायसल्फिरामची गोळी, जी घेतल्यावर दारू प्यायली तर त्रास होतो. काल काय केलंस, उद्या काय करशील, हे उकरायला दोघांनाही बंदी. ती बंदीच मोठी होती, कारण आमची भांडणं तिथूनच सुरू व्हायची आणि मी थेट गुत्त्यावर. कोणता उपचार करावा हे डॉक्टरांना सांगणाऱ्या ब्रिटनच्या नाइस संस्थेने 2011 च्या सूचनांत जोडीने उपचारांची ही पद्धत सुचवली आहे.

अभ्यंकर_डों:
ती सूचना कोणासाठी आहे तेही सांगा की. सौम्य व्यसन आणि जोडीदार राजी असेल तर. सकाळी उठल्यावर ज्याचे हात थरथरतात त्याला आधी दवाखान्यात भरती करा, एकदम दारू तोडली तर फिट येते. आणि या पद्धतीवर ढीगभर लिहिणारे अमेरिकन संशोधक फाल्स-स्टुअर्ट? 2010 मध्ये न्यूयॉर्कमध्ये अटक झाली. संशोधनातल्या गैरव्यवहाराच्या सुनावणीत साक्षीदार म्हणून भाड्याचे नट उभे केल्याचा आरोप होता.

मनोज_नाशिक:
खटला चालण्याआधीच ते वारले. आणि याच पद्धतीवरचे दुसरे संशोधक ओ'फॅरल यांचं काम त्यांच्याही आधीपासूनचं आहे. एका माणसावरून सगळंच खोटं ठरवू नका.

चांदा_विदर्भ:
गुत्ताच नसता तर मनोजभाऊ गेले कुठे असते? दुकानं बंद करा, समुपदेशनाची गरजच उरणार नाही. आमच्या चंद्रपूरच्या बायांनी मोर्चे काढून 2015 ला दारूबंदी आणली, 2021 ला सरकारने उठवली.

अभ्यंकर_डों:
बंदीतही चंद्रपुरात दारू मिळतच होती, फक्त महाग. घरातलं धान्य विकून पिणारे पाहिलेत मी.

चांदा_विदर्भ:
तुम्ही डोंबिवलीत बसून पाहिलेत! संध्याकाळी बाजारातून पोरीबाळी निर्धास्त घरी यायच्या, ते कोण मोजणार?

सुलभा_बारामती:
आमच्याकडे आडव्या बाटलीसाठी, म्हणजे दारूचं दुकान बंद करायला, मतदान झालं होतं. झालेल्या मतांच्या नाही, यादीतल्या एकूण मतदारांच्या निम्म्याहून जास्त मतं लागतात. ज्या बायका कामाला बाहेरगावी गेल्या त्या सगळ्या दुकानदाराच्या बाजूने धरल्यासारख्याच. हरलो आम्ही. दुकान अजून शाळेच्या रस्त्यावरच आहे.

रेवती_कराड:
दारूबंदीचा वेगळा धागा काढा, मी तिथेही येईन. इथे बायकोबद्दल बोला. मनोज, तुमच्या बायकोला कोणी विचारलं होतं का, की तिला हे रोज सकाळी करायचंय का?

मनोज_नाशिक:
विचारलं होतं. पहिल्यांदा नाहीच म्हणाली. माहेरी राहून आली, मग तयार झाली.

रेवती_कराड:
मग तुमच्यापुरतं मानते, त्याहून पुढे नाही. पहिली भेट तिची एकटीची घ्या, दार लावून. मार आहे का, ते तेव्हा विचारा. 'हो' म्हणाली तर त्याला त्याच्या उपचारांना पाठवा आणि तिला वकील गाठून द्या. त्या लेखात यातलं एक अक्षर नाही.

चांदा_विदर्भ:
आणि दुकान?