जुना ५डी मार्क ३ थकलाय, पुढे काय घ्यावं? (पुणे, लग्नं आणि नाटकांची कामं)

विंगेतून:
नमस्कार मंडळी. सल्ला हवा आहे, थोडं सविस्तर लिहितो.

माझ्याकडे कॅनन ५डी मार्क ३ आहे. २०१३च्या दिवाळीत कर्ज काढून घेतला. तेव्हापासून लग्नं, मुंजी, बारशी आणि ज्यासाठी जीव खरा ओढतो ती नाटकं, सगळं ह्याच्यावरच. कंपनीने शटरचं आयुष्य दीड लाख क्लिक सांगितलं होतं, माझा पावणेतीन लाखांवर गेला आहे. कॅमेऱ्याबद्दल एका शब्दाची तक्रार नाही.

अडचण अशी की गेल्या महिन्यात एका मुंजीत घाईघाईत सीएफ कार्ड (फोटो साठवायचं मोठं कार्ड) तिरकं घातलं आणि खाचेतली पिन वाकली. चूक माझीच. आता फक्त दुसऱ्या खाचेतल्या छोट्या एसडी कार्डावर काम चाललंय. त्या खाचेचा वेग कमी, त्यामुळे सलग सात-आठ फोटो काढले की थांबावं लागतं. त्याहून मोठी भीती म्हणजे दुसऱ्या कार्डावर प्रत राहत नाही. लोकांच्या घरचं कार्य एका कार्डाच्या भरवशावर घ्यायला मन धजत नाही.

लेन्सा: २४-७० एफ २.८ आणि ७०-२०० एफ २.८, दोन्हींची दुसरी आवृत्ती, शिवाय ५० एफ १.४. हाताशी अडीच लाख आहेत. तुळशीचं लग्न लागलं की मुहूर्त सुरू, तोवर निर्णय व्हायला हवा. डोक्यात तीन वाटा आहेत: वापरलेला ५डी मार्क ४, कॅननचाच नवा मिररलेस (आतला आरसा नसलेला) आर६ मार्क २, नाहीतर सगळं विकून सोनी.

कोथरूडकर:
सोनी ए७ ४ घ्या. ३३ मेगापिक्सेल, डोळ्यावरचा फोकस सुटत नाही, बाहेरच्या कंपन्यांच्या लेन्सा भरपूर. मी २०२२मध्ये निकॉन सोडून आलो, परत वळून पाहिलं नाही.

जुनी पेठ:
कोथरूडकर, तुमचा कॅमेरा उत्तमच आहे. पण दादांच्या तीन लेन्सा विकून त्याच तोडीच्या तीन लेन्सा सोनीत घेताना अडीच लाख कुठल्या कुठे जातील. दादांकडच्या ह्या ईएफ लेन्सांना, म्हणजे कॅननच्या आरशाच्या कॅमेऱ्यांसाठीच्या लेन्सांना, आता जुन्या बाजारात पूर्वीसारखा भाव येत नाही, कारण विकणारे पुष्कळ झालेत. विकायला वाईट, पण वापरायला त्या आजही तितक्याच सुंदर. ज्याच्याकडे आहेत त्याने ठेवाव्यात.

दादा, मी तीस वर्षं लग्नं करतोय, म्हणून हक्काने सांगतो. ईएफ लेन्सा आर६ मार्क २ च्या आरएफ तोंडावर बसवणारा कॅननचा अडॅप्टर म्हणजे नुसती रिकामी नळी आहे, आत काच नाही. त्यामुळे फोटोच्या दर्जात काही फरक पडत नाही, फोकस पूर्ण चालतो. माझी ७०-२०० तर जुन्या बॉडीपेक्षा आर६ मार्क २ वर जास्त खात्रीने फोकस पकडते. तुमच्या मार्क ३ सारख्या आरशाच्या कॅमेऱ्यात फोकस मोजणारा सेन्सर वेगळा असतो, म्हणून लेन्स जरा पुढे-मागे पकडते आणि आपण मेनूत जाऊन सूक्ष्म दुरुस्ती करत बसतो. मिररलेसमध्ये फोटो घेणारा सेन्सरच फोकसही मोजतो, ती भानगड उरत नाही. तुमच्या ५० एफ १.४ वर हा फरक पहिल्याच दिवशी दिसेल.

वजन फार कमी होईल ही आशा मात्र ठेवू नका. मार्क ३ बॅटरीसकट सुमारे ९५० ग्रॅम, आर६ मार्क २ सुमारे ६७०. त्यात अडॅप्टरचे ११० मिळवा. पुढे तीच दीड किलोची ७०-२०० लटकणार. वाचतात १७० ग्रॅम. खांद्याला काही कळत नाही.

नदीकाठ:
मार्क ४ इतक्या पटकन बाजूला टाकू नका. ३० मेगापिक्सेल आहेत, तुमच्या बॅटऱ्या आणि सीएफ कार्डं तशीच चालतील, अडॅप्टर नको, हाताला सगळी बटणं ओळखीची. मी मागच्या वर्षी एक वापरलेला घेतला, समाधानी आहे. फक्त क्लिक किती झालेत हे विकणाऱ्याच्या तोंडी शब्दावर घेऊ नका. निकॉनमध्ये तो आकडा फोटोच्या फाइलमध्येच लिहिलेला सापडतो, कॅननमध्ये नाही. तो वेगळ्या सॉफ्टवेअरने काढावा लागतो. विकणाऱ्यासमोर लॅपटॉप जोडून काढा.

जुनी पेठ:
नदीकाठ, तुमचं म्हणणं लग्नापुरतं मान्य. पण मार्क ४ २०१६चा आहे. तो आज घेतला तर हाच प्रश्न तीन-चार वर्षांनी पुन्हा पुढ्यात. आणि दादांचं मन नाटकात आहे.

तिसरी घंटा:
नाटकाचं मी सांगते, कारण माझं सगळं काम तेच आहे.

भरत नाट्य मंदिरात तिसऱ्या रांगेत बसून मीही मार्क ३ वापरलाय. त्याचा सायलेंट मोड हळू आवाजाचा आहे, निःशब्द नाही. नटाने घेतलेल्या शांततेत तो आवाज गेला की पुढची दोन डोकी वळतात, आणि आपण शरमेने पुढचा क्षण घेतच नाही. असे किती क्षण सोडले असतील, मोजता येणार नाहीत. इलेक्ट्रॉनिक शटरवर आवाज शून्य. माझ्यासाठी मिररलेसचं कारण एवढं एकच, बाकी सगळं नंतर.

पण दोन गोष्टी आधी शिकून घ्या. एक, इलेक्ट्रॉनिक शटर सेन्सर वरून खाली ओळीओळीने वाचतं. त्यामुळे एलईडी दिव्यांत आडवे पट्टे येतात आणि वेगाने फिरणारा हात वाकडा दिसतो. आपली वीज ५० हर्ट्झची, साधे दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात, म्हणून शटरचा वेग १/१०० किंवा १/५० सेकंद ठेवला की पट्टे बहुतेक जातात. रंगमंचावरच्या डिमर लावलेल्या एलईडींची गत मात्र वेगळी, तिथे रंगीत तालमीलाच चाचणी घ्यायची. दोन, आर६ मार्क २ मध्ये इलेक्ट्रॉनिक शटरवर फ्लॅश चालत नाही. लग्नात आठवणीने यांत्रिक शटरवर या.

आणि विसर्जनाला लक्ष्मी रस्त्यावर जात असाल तर मेनूत कॅमेरा बंद करताना शटर मिटायची सोय आहे, ती सुरू ठेवा. आरसा नसल्याने लेन्स काढली की सेन्सर उघडा पडतो, आणि गुलाल कुठे कुठे जातो हे तुम्हाला सांगायला नको.

नदीकाठ:
निःशब्द शटरचा मुद्दा मी धरलाच नव्हता. नाटकासाठी मार्क ४ चा आग्रह मागे घेतो.

हिशेबी:
छुप्या खर्चाचं कुणी बोललं नाही, म्हणून लिहितो. दादा, संगणकावर फोटो कशात धुता? अडोबीचं एकरकमी विकत घेतलेलं लाइटरूम ६ असेल तर त्यात आर६ मार्क २ च्या सीआर३ (कच्च्या, म्हणजे रॉ) फाइल उघडणार नाहीत. अडोबीचा डीएनजी कन्व्हर्टर फुकट आहे, त्यातून फिरवून घेता येतात, पण हजार-दोन हजार फोटोंच्या लग्नात तो एक वाढीव टप्पा. सीएफ कार्डं बाद होतील, वेगवान एसडीची निदान एक जोडी घ्यावी लागेल. जुन्या एलपी-ई६ बॅटऱ्या चालतात, पण भराभर फोटो घेण्याचा वेग कमी मिळतो, आणि पडदा सतत चालू राहिल्याने बॅटरी लवकर उतरते.

बिल पक्कं घ्या. कॅमेऱ्यावर १८ टक्के जीएसटी आहे, तुमची नोंदणी असेल तर त्याचं क्रेडिट मिळतं. बिनबिलाचा ग्रे माल (अधिकृत विक्रेत्याला टाळून परस्पर आणलेला) स्वस्त दिसतो, पण भारतातली वॉरंटी मिळत नाही. धंद्याच्या वस्तूत ती जोखीम घेऊ नये.

एक विचारतो, कॅननचाच आर८ का नको? सेन्सर त्याच तोडीचा, किंमत बरीच कमी.

जुनी पेठ:
आर८ मध्ये कार्डाची खाच एकच आहे. दादांचं दुखणंच ते.

बाकी, विकत घ्यायच्या आधी दोन दिवस भाड्याने आणा, अडॅप्टरसकट. पुण्यात सहज मिळतो.

विंगेतून:
सगळ्यांचे मनापासून आभार. लाइटरूम ६च आहे माझ्याकडे, हे लक्षातच आलं नव्हतं.

शनिवार-रविवार आर६ मार्क २ भाड्याने आणला. शनिवारी एका महाविद्यालयाच्या एकांकिकेची तालीम होती. पहिला अर्धा तास व्ह्यूफाइंडर परका वाटला, दृश्य आणि डोळा यांच्यामध्ये टीव्ही ठेवल्यासारखा. मग एका मुलीचं स्वगत सुरू झालं. ती कुठेही थांबली तरी फोकसचा चौकोन तिच्या डोळ्यावरच होता. मार्क ३ च्या ६१ फोकस बिंदूंची सगळी दाटी मधोमध, त्यामुळे कडेला उभ्या नटाला आधी मध्ये पकडून मग चौकट सरकवायची माझी सवय. तिची गरजच पडली नाही. ती बोलायची थांबली तेव्हा मी सलग चार फोटो घेतले, दोन फुटांवर बसलेल्या दिग्दर्शकाला पत्ताही लागला नाही. निळ्या एलईडीत पट्टे आले. ताईंनी सांगितल्याप्रमाणे १/१०० वर आणलं, तिथे गेले.

नवा आर६ मार्क २, अडॅप्टर, दोन एसडी कार्डं आणि एक नवी बॅटरी असं ठरवलंय. लेन्सा त्याच. दसऱ्याला आणतो. मार्क ३ विकणार नाही, त्याची पिन सरळ करून देणारा कुणी कारागीर पुण्यात माहीत असेल तर इथेच कळवा.