निराधारचे पैसे वाढवले की म्हाताऱ्यांचं भागलं?

सातबारा_कोरा
'ओलीत' यांनी काल लिहिलं, "विरंगुळा केंद्र, घरपोच डबा, सेवक हे सारे शहरी चोचले हायेत. निराधार योजनेचे महिन्याच्या दीड हजाराचे तीन हजार करा अन् बुढ्याच्या हाती द्या. बाकी गाव पाहून घेते." त्यावर वाहवाही झाली. चार ओळींत उत्तर बसत नव्हतं, म्हणून वेगळा धागा.

केंद्रांबद्दल त्यांचं खरं आहे, ते आधीच देऊन टाकतो. आपल्याकडची केंद्रं ठेकेदाराच्या सोयीने बांधतात. पायऱ्या नऊ-नऊ इंचांच्या, धरायला पाइप नाही. संडास उकिडवं बसायचा, भिंतीला दांडा नाही. गुडघे गेलेला माणूस एकदा बसला की उठताना त्याचे हाल होतात, दुसऱ्या दिवशी तो येतच नाही. कॅरम पोरं नेतात, वीजबिल थकतं, कुलूप लागतं. सहा इंचांची पायरी आणि एक लोखंडी पाइप, एवढ्याने निम्मी केंद्रं चालली असती.

पण असं होतं का? कारण बांधकामाला पैसा आहे, माणसाला नाही. ग्रामपंचायतींना मिळालेल्या पंधराव्या वित्त आयोगाच्या (२०२१-२६) निधीतले ६० टक्के पाणी आणि स्वच्छतेला बांधलेले होते. उरलेल्या ४० टक्क्यांतून पगार किंवा आस्थापना खर्च करायचा नव्हता. म्हणजे ग्रामपंचायत ओटा बांधू शकते, पण रोज दहा घरी जाऊन गोळ्या घेतल्या का ते पाहणाऱ्या बाईला महिन्याचे पाच हजार देऊ शकत नाही. मागायचं असेल तर हे मागा. गाव पाहून घेते म्हणे! कापूस वेचणीच्या दिवसांत गावात दुपारी असतं कोण?

ओलीत
एवढं लिवलं भाऊ, पण हिशेब कुठी हाय? म्हातारपणाच्या पेन्शनीत केंद्र सरकारचा वाटा ८० च्या खालच्या बुढ्याले महिन्याचे २०० रुपये. २००७ मध्ये योजनेले नवं नाव देलं तवाही २००च होते. राज्यानं भर टाकली म्हणून १५०० दिसते. दिव्यांगायचे अडीच हजार केले, मंग बुढ्यायनं काय घोडं मारलं?

अन् अट पाहा. दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव नसन तं कुटुंबाचं उत्पन्न वर्षाले २१ हजाराच्या आत पायजे. २०२५-२६ ची रोजगार हमीची मजुरी दिवसाले ३१२. घरातल्या एकानं ६८ दिवस काम केलं का बुढा बाद. मंग सारं गाव खोटा दाखला काढते अन् सरकार खोटाच घेते. हे आधी सुधरवा. माणूस नेमसान तं त्याचं मानधन थकन. शिवभोजनाचं काय झालं? केंद्रवाल्यायचे बिलं लटकले. सेवा सरकारी झाली का लटकते. पैसा सीधा खात्यात पडते, तो लटकत नाई.

पऱ्हाटी
लटकत नाही? खात्यात पडणं आणि हातात पडणं यांच्यामध्ये अंगठा आहे, दादा.

चाळीस वर्षं कापूस वेचलेल्या बोटांना रेषा राहत नाहीत. वाळल्या बोंडाची टोकं लागून अंगठा, तर्जनी, मधलं बोट गुळगुळीत होतं, आणि गावात मशीनवर बोट घेऊन पैसे देणारा बँकमित्र नेमकी तीच बोटं मागतो. दोनदा-तीनदा जुळलं नाही की "उद्या या". उद्या म्हणजे पुन्हा ऑटोचं भाडं.

आधी हात कोमट पाण्याने धुऊन पुसा, पण खडखडीत कोरडे करू नका, कोरड्या भेगाळ बोटाचा ठसा तुटक उमटतो. मशीनच्या काचेवर आधीच्या माणसाचा घाम असतो, तो पुसायला लावा, हे कोणीच करत नाही. अंगठ्यावर अडू नका, दहापैकी कोणतंही बोट चालतं. डाव्या हाताची अनामिका किंवा करंगळी द्या, ती वेचणीत कमी घासते. तरीही नाही जुळलं तर आधार केंद्रावर ठसे नव्याने द्यायचे.

आणि "जुळलं नाही, परत ठेवा" म्हटलं की सावध. कधीकधी पहिल्याच वेळी पैसे निघालेले असतात. दर वेळी छापील पावती मागा.

झाडीपट्टी
बोट जुळूनही "शिल्लक नाही" येतं, त्याचं कारण पऱ्हाटीताईंनी सोडलं. पैसा पासबुकावरच्या खात्यात जाईलच असं नाही. आधार शेवटी ज्या बँकेला जोडलं तिथं तो पडतो. म्हातारीनं सिमकार्ड घेताना दुकानदारानं पेमेंट बँकेचं खातं काढून दिलेलं असतं, पैसे तिथं साचतात आणि ती सहा महिने तहसीलला चकरा मारते.

तपासायचं असेल तर आधारच्या संकेतस्थळावर बँक सीडिंग स्टेटस, म्हणजे आधार कोणत्या बँकेला जोडलंय ते, बघा. त्याला ओटीपी लागतो, आणि आधारला जोडलेला नंबर पुण्याला कंपनीत गेलेल्या पोराचा असतो. बँकेत आधारची झेरॉक्स दिली म्हणजे जोडणी झाली असंही नाही, ती केवायसी, म्हणजे नुसती ओळख पटवणं. डीबीटीसाठी, म्हणजे सरकारी पैसा थेट खात्यात येण्यासाठी, आधार जोडायचं संमतीपत्र वेगळं, त्याची पोच घ्या. केवायसी थकली असेल तर पैसे जमा दिसतात, निघत नाहीत.

ओलीत
वा! विषय होता बुढ्यायचा, अन् इथं बँकमित्राचं ट्रेनिंग चालू हाय. धागा सुरू करणारा कुठी पळाला?

पऱ्हाटी
ट्रेनिंग नाही, हेच काम आहे ज्याला माणूस लागतो. तुमचे तीन हजार झाले तर त्याच काचेवर दीडच्या जागी तीन हजार अडकतील, एवढाच फरक.

उन्हाळवाही
सगळं सरकारनंच करायचं तर पोरांनी काय करायचं? आईवडिलांच्या पोटगीचा २००७ चा कायदा आहे. उपविभागीय अधिकाऱ्याकडे अर्ज करा, महिना १० हजारांपर्यंत पोटगी देता येते. पोरं सरळ होतील.

सातबारा_कोरा
पोराविरुद्धचा अर्ज द्यायला पोराच्याच मोटरसायकलवर मागं बसून जायचं का? ज्याच्या दोन एकर कोरडवाहूवर पीककर्ज थकलं, त्याच्याकडून १० हजार निघतील हे तुम्हीच सांगू जाणे.

पळालो नव्हतो. हिशेब घ्या. शिवभोजनाचा ग्रामीण दर थाळीमागे ३५ रुपये, त्यातले १० जेवणाऱ्याचे. गावातली एकटी राहणारी वीस माणसं धरा. ३५ गुणिले २० गुणिले ३० म्हणजे महिन्याला २१ हजार, आणि जेवणाऱ्यांचे दहा-दहा वळते केले तर सरकारवर १५ हजार. तुमच्या वाढीला याच वीस जणांमागे महिना ३० हजार लागतात.

"शाळेतल्या खिचडीत शिजवा" असं कोणी म्हणण्याआधीच सांगतो, जमत नाही. तिथला तांदूळ पहिली ते पाचवीला १०० ग्रॅम, सहावी ते आठवीला १५० ग्रॅम असा पटावर येतो. रविवारी चूल बंद. उन्हाळ्याच्या सुटीनंतर आपल्या शाळा उघडतात जून सरत आल्यावर, म्हणजे पारा ४५ वर असताना डबाच नाही. त्यामुळे स्वयंपाक बचत गटाकडे. थाळी जशीच्या तशी उचलू नका, ३० ग्रॅमच्या दोन पोळ्या बिनदाताच्या तोंडाला निरुपयोगी आहेत. भात मऊ, वरण जास्त, पोळी कुस्करून. मे महिन्यात डबा अकराच्या आत घरी पोचला पाहिजे, कारण पितळी असो की स्टीलचा, दोनपर्यंत वरण आंबतं.

आणि डब्यातली खरी गोष्ट म्हणजे परत आलेला डबा. वाहून नेणाऱ्या बाईनं तो उघडून बघायचा. भात तसाच असेल तर तोंड आलंय किंवा ताप आहे. दोन दिवस पूर्ण परत आला तर आशाताईला कळवायचं. हे दीड हजारात होत नाही, तीन हजारातही होणार नाही.

ओलीत
पितळीचा डबा आता कोनाकडं हाय? असो. डबा उघडून पायनारी बाई, एवढं पटलं. बाकी नाई. २१ हजाराची अट अन् ते २०० रुपये यावर तुमी एक अक्षर बोलले नाई.

अन् बाईचं मानधन ग्रामपंचायतीच्या हातून नको. पहिल्याच बिलाले सही अडन. सीधं तिच्या खात्यात टाका.

पऱ्हाटी
टाका की. फक्त तिचं आधार कोणत्या बँकेला जोडलंय ते आधी पाहा. वेचणीला तीही जाते.