चाचणीत गांजा सापडला म्हणून अपघाताची भरपाई नाकारायची?

मुक्ता, कोलंबस: अमेरिकेतल्या ओहायो राज्यात डिसेंबर 2023 पासून 21 वर्षं पूर्ण झालेल्या माणसाला गांजा कायदेशीर आहे. पण कामावर हात मोडला, 32 तासांच्या आत चाचणी झाली आणि ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त गांजा सापडला, तर अपघात नशेमुळेच झाला असं कायदा धरून चालतो आणि भरपाई नाकारता येते. मात्र मालकाने तशी लेखी सूचना आधी लावलेली हवी. अपघात नशेमुळे झाला नव्हता हे दाखवायचं जखमी माणसाने. चाचणीला नकार दिला तरी तेच. हा अन्याय आहे. लघवीत सापडतात ते गांजाचे अवशेष, आणि रोज ओढणाऱ्याच्या शरीरात ते कित्येक आठवडे राहतात. माणूस त्या क्षणी नशेत होता का, हे त्यातून कळतच नाही. दारूसाठी 8 तासांच्या आत चाचणी आणि रक्तात 0.08 टक्के ही मर्यादा आहे. तिथे आकड्याचा नशेशी काही संबंध तरी असतो.

सुहास, डेटन: साफ असहमत. मी वेअरहाऊसमध्ये शिफ्ट सांभाळतो. फोर्कलिफ्ट चालवणारा काय घेऊन आलाय हे फक्त त्यालाच माहीत असतं. मालकाने ते सिद्ध कसं करायचं? शिवाय हे गृहीतक खोडता येतं. ब्रेक निकामी होता, सोबतचे साक्षीला आहेत, कॅमेरा आहे, दाखवा की!

मुक्ता: कॅमेऱ्याचं चित्रण कोणाच्या ताब्यात असतं? ब्रेकच्या दुरुस्तीची नोंद कोणाकडे? मालकाकडे. पगार थांबलेल्या माणसाने हॉस्पिटलातून हे मिळवायचं?

अनघा, सॅन होजे: कॅलिफोर्नियात 1 जानेवारी 2024 पासून नुसत्या नशा न आणणाऱ्या अवशेषांवरून कामावरून काढता येत नाही. अर्थात तो नियम नोकरीचा, भरपाईचा नाही. आणि बांधकाम व्यवसाय त्यातून वगळलाय.

सुहास: वगळलाय ना? म्हणजे जिथे धोका मोठा, तिथे त्यांनाही भीती वाटलीच.

संजय, पुणे: मी कामगारांचे दावे चालवतो. आपल्याकडे नोव्हेंबर 2025 पर्यंत लागू असलेल्या 1923 च्या कामगार भरपाई कायद्यात नशेचा अपवाद होता, पण अपघात थेट नशेमुळे झालेला असावा लागायचा. आणि मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं, तर नशेचं कारण सांगून भरपाई टाळताच येत नव्हती. विधवेला आणि मुलांना उपाशी ठेवू नये, हा विचार त्यामागे होता. ओहायोत अशी सूट नाही, हे मला जास्त खटकतं.

सुहास: मृत्यूच्या बाबतीत तुमचं पटतं, घरच्यांचा काय दोष? पण हात मोडलेल्याला मी ती सवलत देणार नाही. सावध राहून काम करणाऱ्या बाकीच्या पोरांचा जीवही माझ्याच शिफ्टमध्ये असतो.

मुक्ता: त्यांच्या जिवासाठी कामाआधी तपासा, चक्कर येत असेल तर घरी पाठवा. अपघातानंतर भरपाई कापून त्यांच्यातला एकही वाचत नाही. निदान गांजापुरतं तरी हे गृहीतक काढा आणि नशा होती हे मालकाला दाखवू द्या.