शिवी आहे, पण मुद्दाही आहे: अशी पोस्ट ठेवायची की उडवायची?

रंकाळा_रशर

मंडळी, एक निकाल द्या. आमच्या पोरांचा डिस्कॉर्ड (चॅट ग्रुप) आहे, बहुतेक कोल्हापूर-सांगलीकडचे, आणि मी तिथला मॉड, म्हणजे राखणदार. (पगार शून्य, शिव्या दोन्हीकडून.) एका छोट्या टीमचा मोबाइल शूटर आम्ही बीटापासून (चाचणीच्या आवृत्तीपासून) खेळतोय. नाव घेत नाही, घेतलं की इथं त्याचीच मारामारी सुरू होईल. त्या टीममधला एक डेव्ह (गेम बनवणारा) आमचा फीडबॅक चॅनेल स्वतः येऊन वाचतो. म्हणून तिथली प्रत्येक पोस्ट आधी माझ्याकडं येते, मी सोडली की मग दिसते.

परवाच्या पॅचमध्ये (गेमच्या अपडेटमध्ये) स्नायपर बंदुकीला हात लावला आणि रात्रीपासून पोस्टींचा नुसता पाऊस. त्यातल्या तीन माझ्याकडं अडकल्या.

पहिली: “सर गेम खूप छान आहे पण आता पहिल्यासारखी मजा राहिली नाही. कृपया सुधारणा करावी ही नम्र विनंती.”

दुसरी: “कुठल्या गाढवानं हा पॅच टेस्ट केला? रीलोड चालू असताना बंदूक बदलून परत घेतली की रीलोड अर्धवट अडकतो, मग राऊंड संपेपर्यंत गोळी सुटत नाही. गोदामाच्या मॅपवर दर वेळी होतं. ९० एफपीएसवर होतं, ६० वर होत नाही. व्हिडिओ टाकलाय, डोळे असतील तर बघा.”

तिसरीत त्या डेव्हचं पूर्ण नाव होतं आणि त्याच्या बायकोचं इन्स्टा प्रोफाइल जोडलेलं. खाली काय लिहिलं होतं ते इथं लिहीत नाही. ती उडवली, पोराला बॅन केलं, तो विषय संपला.

प्रश्न पहिल्या दोन्हींचा आहे. आमचा नियम नंबर एक: टीका करा, अपमान नको. नियमानं बघितलं तर पहिली पास, दुसरी नापास. मला मात्र दुसरीच कामाची वाटते. माझ्या जोडीचा मॉड म्हणतो, एका गाढवाला सूट दिलीस तर उद्या जेजुरीचा बाजार भरेल. त्याचंही खोटं नाही. काय करू?

---

पिंग_२५०

उडव दुसरी. तो डेव्ह काय तुमचा गडी आहे का शिव्या खाऊन काम करायला? पोराला डीएम कर, म्हणावं पहिली ओळ आणि शेवटची ओळ काढ आणि परत टाक. दोन मिनिटांचं काम आहे.

आणि भाषा सैल सोडली की काय होतं ते आपण बघितलंय. फौ-जी हा देशी गेम आठवतो का? २६ जानेवारी २०२१ ला आला. आधीच्या सप्टेंबरात पबजी बंद झालेलं, त्याचा सगळा राग पोरांनी प्ले स्टोअरवर याच्यावर काढला. एक स्टार, एक स्टार, एक स्टार. ज्यांनी धड लिहिलं होतं की गेममध्ये बंदूकच नाही, सगळी हातघाई आहे, लढाई त्याच त्याच पद्धतीनं होते, त्यांचं कुणी वाचलंच नसणार. चांगली टीका गर्दीत गुदमरते ती अशी.

---

बिल्ड_बिघाड

नमस्कार, मी गाढव बोलतेय.

म्हणजे तुमच्या गेमची नव्हे, पण पॅच टेस्ट करणाऱ्या जमातीतली. पुण्यात एका स्टुडिओत क्यूए (गेम तपासायचं काम) करते. खेळाडूंनी लिहिलेलं वाचून त्यातून तिकीट (बिघाडाची नोंद) बनवणं हा माझ्या नोकरीचा मोठा भाग आहे, म्हणून जरा लांबण लावते.

रशरदादा, तुझी दुसरी पोस्ट माझ्यासमोर आली असती तर ‘गाढव’ या शब्दापाशी मी एक सेकंदही थांबले नसते. मी शोधते काय, तर हे कसं घडवायचं, कुठं घडतं, दर वेळी घडतं की कधीमधी. त्यानं तिन्ही दिलंय. वर ९० आणि ६० एफपीएसचा, म्हणजे सेकंदाला किती फ्रेम (चित्रं) दिसतात त्याचा, फरक स्वतः तपासून लिहिलाय, हे तर सोनं आहे. रीलोड पूर्ण झाला हे बऱ्याच गेममध्ये अ‍ॅनिमेशनच्या एका ठरावीक क्षणावर ठरतं. तो क्षण कुणी वेळेऐवजी फ्रेम मोजून पकडला असेल, तर ६० वर बरोबर बसलेलं गणित ९० वर हुकतं. कोड न बघता हा माझा अंदाज आहे. पण प्रोग्रामरनं आधी कुठं हात घालायचा ते या एका ओळीनं कळलं. नाहीतर आम्ही ऑफिसातल्या ६० च्या फोनवर दिवसभर गोदामात उड्या मारत बसलो असतो आणि शेवटी तिकिटावर लिहिलं असतं, ‘आमच्याकडे घडत नाही’.

पहिल्या पोस्टचं तिकीटच बनत नाही. तरी तिला टाकाऊ म्हणू नकोस. ‘मजा राहिली नाही’ असं चाळीस जण म्हणाले तर डिझायनरला ते ऐकायचंच असतं. खेळाडूला काय खुपतंय हे खेळाडूइतकं कुणालाच कळत नाही, उपाय मात्र तो बहुतेक वेळा चुकीचा सांगतो. (स्नायपर कमजोर वाटतो म्हणून डॅमेज वाढवा म्हणतात, आणि खरी भानगड आवाजात असते. आवाज पातळ केला की बंदूक कमजोर वाटते, आकडे तेच असले तरी.) तेव्हा त्या पोराला एकच विचार: मजा कुठल्या क्षणी गेली? मरताना, मारताना, की लॉबीत ताटकळताना?

आता रागाचं. लोक समजतात की एका टोकाला गोड टीका, दुसऱ्या टोकाला धमकी, आणि राग चढत गेला की माणूस इकडून तिकडं जातो. मला हे पटत नाही. तुझी तिसरी पोस्ट ही दुसरीचा जास्त तापलेला अवतार नाहीच. दुसरीत राग खेळावर आहे, तिसरीत खेळ नावालाही नाही. ती अगदी मृदू भाषेत, ‘वहिनींना नमस्कार सांगा’ म्हणून लिहिली असती तरी तू उडवली असतीस, आणि उडवायलाच हवी.

रागानं लिहूनही बरोबर असता येतं. स्टार वॉर्स बॅटलफ्रंट २ घ्या, नोव्हेंबर २०१७. डार्थ वेडर हा हीरो उघडायला ६०,००० क्रेडिट्स (गेममधले पैसे). रेडिटवर लोकांनी हिशेब मांडला की एका हीरोसाठी साधारण ४० तास खेळावं लागेल, तेही पूर्ण किंमत मोजून घेतलेल्या गेममध्ये. गेम काढणाऱ्या ईए कंपनीनं त्यावर जे गुळमुळीत उत्तर दिलं त्याला सहा लाखांच्या वर डाउनव्होट पडले, गिनीजमध्ये नोंद झाली. खालच्या कमेंटी काही सभ्य नव्हत्या. पण त्या सगळ्या संतापाच्या बुडाशी एक आकडा होता, आणि आकड्याला उत्तर आकड्यानंच द्यावं लागतं. हीरोंच्या किमती ७५ टक्क्यांनी उतरल्या.

याच्या उलट २०१३ चा जुलै. कॉल ऑफ ड्यूटी ब्लॅक ऑप्स २ मध्ये डीएसआर ५० नावाच्या स्नायपरचे दोन बार यांच्यामधला वेळ ०.२ सेकंदांवरून ०.४ सेकंद केला. गेम बनवणाऱ्या ट्रेयार्कच्या डेव्हिड व्हॉन्डरहारला त्यावरून मारायच्या धमक्या आल्या, आणि आकडा त्यानं स्वतः ट्विटरवर सांगितला. सेकंदाच्या पाचव्या हिश्शासाठी!

मला यातली धमकी जितकी खुपते तितकीच एक दुसरी गोष्ट खुपते, आणि ती मी नोकरीत रोज बघते. त्या माणसानं आकडा उघड सांगितला. किती होतं, किती केलं. कुठल्याही खेळाडूला हेच तर हवं असतं. पण एकदा असं भाजलं की टीम काय शिकते? पुढच्या पॅच नोट्समध्ये आकडा येत नाही, ‘काही शस्त्रांचे संतुलन सुधारले’ एवढंच येतं. चॅनेल वाचायला येणारा डेव्ह येईनासा होतो. मध्ये एक कम्युनिटी मॅनेजर बसतो, तो आठवड्याला एक गुळगुळीत सारांश वर पाठवतो, आणि त्या सारांशात ९० एफपीएसची ओळ कधीच पोचत नाही. तुमच्याकडं डेव्ह अजून स्वतः वाचतोय. हे फार दिवस टिकत नाही कुठंच, टिकवा.

माझं मत: दुसरी सोडा, जशी आहे तशी. नियम बदला. गेमला काय वाटेल ते म्हणा, पॅचला म्हणा, माणसाच्या घरापर्यंत जाऊ नका. ‘गाढव’ नक्की कुठं बसतं यावर तुम्ही दोघं मॉड भांडा. मी तरी रागावलेली नाही.

---

जुना_जॉयस्टिक

ताईंचं बहुतेक पटलं. एक जुनी गोष्ट घालतो, कारण रागाला जरा कल्पकताही जमते.

मास इफेक्ट ३, मार्च २०१२. तीन भाग, शेकडो निर्णय, आणि शेवट काय, तर तीन पर्याय, लाल-हिरवा-निळा, जवळजवळ एकच दृश्य वेगवेगळ्या रंगात. मी ठाण्यात तेव्हा ऑफिसला दांडी मारून शेवट केला होता आणि जे काही बोललो ते बायकोला अजून आठवतं. नेटवर तर आग लागली होती. पण त्याच गर्दीत काही लोकांनी पैसे गोळा केले आणि कॅनडात एडमंटनला, गेम बनवणाऱ्या बायोवेअरच्या ऑफिसात चारशेच्या आसपास कपकेक पाठवले. लाल, हिरवे, निळे. आणि सगळे चवीला व्हॅनिला! अख्खी समीक्षा एका घासात. त्याच चळवळीतून ‘चाइल्ड्स प्ले’ या आजारी मुलांसाठीच्या संस्थेला ८०,००० डॉलरच्या वर निधीही गेला.

जूनमध्ये बायोवेअरनं वाढवलेला शेवट फुकट दिला. मला तो अजूनही आवडत नाही, ते असो.

---

पिंग_२५०

काका, कपकेक भारी. पण आपल्या पोरांकडून कपकेकची अपेक्षा नको, वडापाव पाठवले तरी खूप.

बिल्डताई, तुमचं ऐकलं तर रिव्ह्यू बॉम्बिंगही (सगळ्यांनी मिळून वाईट रिव्ह्यूंचा मारा) बरोबरच की मग? राग आहे, बुडाशी कारण आहे.

---

बिल्ड_बिघाड

कधी कधी हो. हेलडायव्हर्स २ घे, मे २०२४. स्टीमवर (पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानात) विकत घेतलेल्या गेमला त्याच्या प्रकाशकानं, सोनीनं, मागाहून पीएसएन (प्लेस्टेशनचं नेटवर्क) खातं सक्तीचं करायचं ठरवलं, आणि कितीतरी देशांत पीएसएन मिळतच नाही. म्हणजे पैसे भरलेत, पण उद्यापासून खेळता येणार नाही. आपल्याकडं पीएसएन आहे, आपलं काही अडत नव्हतं. दोन-तीन दिवसांत दोन लाखांवर निगेटिव्ह रिव्ह्यू पडले आणि सोनीनं निर्णय मागं घेतला. मागणी एकच होती, ती पूर्ण करता येण्यासारखी होती, आणि ज्यानं निर्णय घेतला त्याच्याच दारात टाकलेली होती. (रिव्ह्यू मात्र पडले गेम बनवणाऱ्या अ‍ॅरोहेडच्या नावावर, हे त्यांचं नशीब.)

तुझ्या फौ-जीवाल्यांची मागणी काय होती? पबजी परत द्या. ते फौ-जी बनवणाऱ्याच्या हातात होतं का? नाही. म्हणून तो नुसता धुरळा. स्टीमनं २०१७ पासून रिव्ह्यूंचा आलेख दाखवायला सुरुवात केली आणि २०१९ पासून असा विषयाबाहेरचा धुरळा गुणांतून वगळायला लागले, ते याचसाठी.

---

पिंग_२५०

ठीक. फौ-जीपुरतं मान्य. ‘गाढव’ मात्र मी असतो तर खोडलं असतं.

---

रंकाळा_रशर

सगळ्यांचे आभार. काल रात्री आम्ही दोघं मॉड भांडलो, अगदी ताईंनी सांगितल्याप्रमाणं. ठरलं असं: नियमातला ‘अपमान’ काढला, त्याजागी ‘माणसाचं नाव, घर, घरचे, नोकरी यावर एक शब्द नाही’ असं टाकलं. जोडीदाराचा हट्ट म्हणून पोराला पहिली ओळ बदलायला सांगितलं, तर त्यानं ‘गाढवानं’ काढून ‘महान विभूतीनं’ घातलं. म्हटलं राहू दे, सोडली.

पहिल्या पोस्टवाल्यालाही विचारलं, मजा कधी गेली. म्हणाला, “मेल्यावर लगेच कळत नाही कुणी मारलं ते, आधी कळायचं.” पॅच नोट्समध्ये किल-कॅमबद्दल (कुणी मारलं ते दाखवणाऱ्या क्लिपबद्दल) चकार शब्द नव्हता. त्याचंही वेगळं लिहून टाकलं.

डेव्हनं दुसरीखाली फोनचं मॉडेल विचारलंय. आमचं पोरगं सकाळपासून ऑफलाइन, बहुतेक आयटीआयला गेलंय. इथं कुणाकडं ९० चालणारा फोन असेल तर कळवा, गेमचं नाव डीएममध्ये सांगतो. गोदामाच्या मॅपवर रीलोड चालू असताना बंदूक बदलून बघायची, आणि स्क्रीन रेकॉर्डिंग आधीच चालू ठेवायचं.