शब्दचर्चा: ‘गाठ काढणे’, ‘स्तन काढणे’ आणि ‘मुळासकट’
(म्हापशाहून आलेला प्रश्न आणि गोव्यातल्या इतर गावांतून आलेली उत्तरं; प्रत्येक उत्तरावर लिहिणाऱ्याचं गाव.)

प्रश्न (म्हापसा)
स्तनाच्या कर्करोगाचं निदान झालेल्या बायकांसाठी मराठी माहितीपत्रक तयार होतंय. ते पेडणे, डिचोली, सत्तरीत वाटायचं आहे. लम्पेक्टॉमीला ‘गाठ काढणे’ आणि मास्टेक्टॉमीला ‘स्तनच्छेदन’ लिहावं का? आणि ‘रॅडिकल’साठी कोशातला ‘मूलगामी’ चालेल?

फोंडा
‘स्तनच्छेदन’ नको. शिरच्छेदाच्या पंगतीतला शब्द आहे तो, वाचणारीला शिक्षा सुनावल्यासारखा लागतो. ‘पूर्ण स्तन काढणे’ सरळ आहे आणि पुरेसं आहे.

‘गाठ काढणे’ मात्र कमी सांगतं, आणि त्यातून नुकसान होतं. एक तर फक्त गाठ काढत नाहीत, तिच्याभोवतीच्या निरोगी भागाची किनारही काढतात. दुसरं, उरलेल्या स्तनाला रेडिएशन हा बहुतेकींच्या बाबतीत त्याच उपचाराचा दुसरा अर्धा भाग असतो. जिने ‘गाठ काढणे’ एवढंच वाचलं, ती टाके सुकले की उपचार संपले असं धरून चालते. अमेरिकेत १९७६ साली सुरू झालेल्या ‘बी-०६’ या चाचणीत पूर्ण स्तन काढणं आणि स्तन राखणं यांची तुलना झाली. २० वर्षांनंतर, स्तन राखून रेडिएशन न घेतलेल्यांपैकी सुमारे ३९ टक्के जणींना त्याच स्तनात रोग परतला होता. घेतलेल्यांत सुमारे १४ टक्के. आजच्या औषधांमुळे दोन्ही आकडे खाली आले आहेत, पण फरकाचं कारण तेच. म्हणून दोन्ही भाग एकाच नावात बांधा: ‘स्तन राखून शस्त्रक्रिया आणि रेडिएशन’.

‘राखून’च लिहा, ‘वाचवून’ नको. ‘वाचवणे’ म्हटलं की जिचा पूर्ण स्तन काढावा लागतो तिचं काही वाचलंच नाही, असा अर्थ निघतो.

मडगाव
‘मूलगामी’ आणि ‘मुळासकट’ दोन्ही काढून टाका, अशी आग्रहाची विनंती. ‘रॅडिकल’ शस्त्रक्रिया रूढ करणारे अमेरिकन सर्जन हॅल्स्टेड यांच्या काळात, १८९०च्या दशकात, स्तनासोबत छातीचे स्नायू आणि काखेतल्या सगळ्या लसग्रंथी (लिम्फ नोड) काढत. आज डिस्चार्ज कार्डावर ‘एमआरएम’ (मॉडिफाइड रॅडिकल मास्टेक्टॉमी) असतं, त्यात मोठा स्नायू राखतात. ‘पूर्ण स्तन आणि काखेतल्या लसग्रंथी काढणे, छातीचा स्नायू राखून’ असं लिहिलं की झालं.

अडचण इतिहासाची नाही, समजुतीची आहे. ‘मुळासकट उपटलं की परत उगवत नाही’ हे शेताचं तर्कशास्त्र आपल्याकडे पक्कं आहे. त्यापायी घरची मंडळीही ‘सगळंच काढून टाका, धोका नको’ म्हणतात. पेशी लसवाहिन्यांतून नाहीतर रक्तातून आधीच पुढे गेल्या असतील, तर जास्त स्तन कापून त्या हाती लागत नाहीत. त्यांच्यासाठी केमो, हॉर्मोनच्या गोळ्या, ‘हर्टू’ (काहींच्या कर्करोगाच्या पेशींवर जास्त असणारं प्रथिन) याच्यावरची औषधं आहेत. म्हणूनच बी-०६ मध्ये दोन्ही शस्त्रक्रियांत जगण्याचं प्रमाण सारखं राहिलं, आणि मिलानमध्ये १९७३ साली सुरू झालेल्या चाचणीतही. हे पत्रकात ठळक अक्षरांत हवं.

प्रश्न (म्हापसा)
मग निवड तिच्यावरच सोडायची?

मडगाव
जिथे दोन्ही वाटा खुल्या आहेत तिथे, हो. काही ठिकाणी नसतात, तेही लिहा. एकाच स्तनात दूरदूर पसरलेला रोग किंवा सगळीकडे संशयास्पद कॅल्शियमचे कण, त्याच छातीला पूर्वी घेतलेलं रेडिएशन, पुन्हा कापूनही स्वच्छ न होणारी कड (काढलेल्या तुकड्याची किनार), यांत सहसा पूर्ण स्तन काढण्याचा सल्ला मिळतो. गरोदरपणात रेडिएशन देत नाहीत, त्यामुळे महिना कितवा यावर ठरतं. स्तन लहान आणि गाठ मोठी असेल तर आधी केमो देऊन गाठ आटवता येते. त्याआधी गाठीत धातूची बारीक क्लिप बसवून घ्यावी लागते. केमोने गाठ पूर्ण विरघळली आणि क्लिप नसली, तर कुठे कापायचं हे सर्जनला सापडत नाही.

उलट बाजूही लिहा: पूर्ण स्तन काढला म्हणजे रेडिएशन टळलं असं नाही. गाठ ५ सेंटीमीटरपेक्षा मोठी किंवा चार-त्याहून जास्त लसग्रंथींत रोग असेल तर ते सहसा लागतंच. केवळ रेडिएशन चुकवायला म्हणून स्तन काढायला तयार होणारीला हे आधी कळायला हवं.

डिचोली
सगळ्यात मोठा गोंधळ ‘गाठ’ या शब्दाचाच. स्तनातली गाठ आणि काखेतली लसग्रंथी, दोन्हींना आपण गाठ म्हणतो. ‘दोन गाठी काढल्या’ हे ऐकून घरचे धसकतात, तर त्या तपासायला काढलेल्या निरोगी ग्रंथी असतात. ‘गाठ’ फक्त स्तनातल्या रोगासाठी ठेवा. काखेतल्यांना ‘लसग्रंथी’, आणि एकदाच समजावून सांगा: पायाला जखम झाली की जांघेत अवधाण येतं, ती सुजलेली लसग्रंथीच. पुढे मात्र ‘अवधाण’ वापरू नका, तो सुजेचा शब्द आहे.

‘सेंटिनेल नोड’ला ‘पहिली लसग्रंथी’ म्हणा. ‘पहारेकरी’ छान वाटतं, पण समजत काही नाही. स्तनाग्राजवळ निळा रंग किंवा किरणोत्सर्गी द्रव्य टोचतात, ते लसवाहिनीतून ज्या ग्रंथींत आधी पोचतं त्या, बहुधा एक ते तीन, काढून तपासतात. निळा रंग वापरला तर लघवी निळसर-हिरवी होते. हे आधी सांगितलं नाही तर बाई घाबरते. काखेतल्या सगळ्या काढल्या तर हात सुजण्याचा धोका साधारण पाचातल्या एकीला, पहिल्याच काढल्या तर त्याहून बराच कमी.

फोंडा
‘मार्जिन’साठी ‘कड’. आणि ‘पॉझिटिव्ह’, ‘निगेटिव्ह’ अजिबात नको. ‘रिपोर्ट पॉझिटिव्ह’ ऐकून पेढे वाटायची वेळ येते, आणि त्याचा अर्थ कडेवर पेशी सापडल्या, पुन्हा कापावं लागेल. ‘कड स्वच्छ’ आणि ‘कडेला रोग’ लिहा. काढलेल्या तुकड्याला शाई लावतात. पसरणाऱ्या कर्करोगात शाईवर पेशी नसल्या तर कड स्वच्छ. दूधनलिकेबाहेर न पसरलेल्या रोगात (डीसीआयएस) २ मिलिमीटर अंतर धरतात. पुन्हा कापावं लागू शकतं ही अट ‘स्तन राखून’ निवडणारीला सहीच्या आधी माहीत असावी. सर्जनने तुकड्याला दिशादर्शक टाके घातले नसतील तर कुठली कड वाईट ते पॅथॉलॉजीत ठरवता येत नाही, आणि मग गरजेपेक्षा जास्त कापावं लागतं.

पेडणे
रेडिएशनला लोक ‘शेक’ म्हणतात. तो शब्द पत्रकात आणू नका. ‘शेक घ्यायला सांगितलंय’ म्हणून घरी गरम पाण्याची पिशवी धरली जाते. शस्त्रक्रियेनंतर छातीची कातडी बधिर असते, भाजलेलं कळत नाही. रेडिएशन चालू असताना ती आधीच नाजूक. आणि हात सुजण्याचा धोका असलेल्या बाजूला उष्णता टाळायचीच असते. ‘रेडिएशन’ सगळ्यांना कळतं. बऱ्याच जणींना ते तीन आठवड्यांत १५ वेळा देतात, गाठीच्या जागेला कधी आणखी काही. सत्तरीहून रोजची ये-जा जमणार का, हा निवडीचाच भाग आहे. त्यामुळे केंद्र कुठलं, किती दिवस आणि सोबत कोण, यासाठी पत्रकात तीन रिकाम्या ओळी ठेवा.

प्रश्न (म्हापसा)
‘ड्रेन’ला ‘नळी’ पुरे का?

पेडणे
‘पाणी निघायची नळी’. बाटलीतलं पाणी रोज एकाच वेळी मोजून लिहायचं. २४ तासांत साधारण ३० मिलिलीटरच्या खाली, सलग दोन दिवस, आलं की बहुतेक सर्जन ती काढतात. मोजायला स्वयंपाकघरातली वाटी नको, खुणा असलेला प्याला घ्या, असंही लिहा. आणि लाल झालं, ताप आला, पाणी एकदम वाढलं किंवा अचानक थांबून छाती फुगली, तर पुढच्या तारखेची वाट न बघता वॉर्डला फोन.