सीईटी उत्तरतालिका: एकीनेच आक्षेप घेतला तर चालेल का?

दारव्हा तालुक्यातल्या आम्हा मैत्रिणींची पीसीएम (फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स) ग्रुपची एमएचटी-सीईटी ही प्रवेश परीक्षा यवतमाळला एकाच शिफ्टमध्ये झाली. लॉगिनमधली उत्तरतालिका लावून पाहिली. डेफिनिट इंटिग्रेशनच्या एका प्रश्नात आमच्या सगळ्यांचं उत्तर एकच, तालिकेत मात्र दुसरंच! बालभारतीच्या बारावीच्या पुस्तकातल्या सूत्रानं पुन्हा सोडवलं, कॉलेजच्या सरांकडूनही तपासून घेतलं. गणिताचा एक प्रश्न २ गुणांचा, त्यामुळे सोडून द्यावंसं वाटत नाही. पण दर आक्षेपाला वेगळी फी आहे, आणि घरोघरी पेरणीचा खर्च तोंडावर आलाय.

आधी आक्षेप घेतलेल्यांनी कृपया सांगा: पुस्तकाचं पान जोडलं की पुरतं, की सोडवलेल्या पायऱ्याही लागतात? आणि एकीचाच आक्षेप मान्य झाला, तर त्या शिफ्टमधल्या सगळ्यांचे गुण बदलतात का?